दोन बोटं पाणी

गुरुवारी सकाळी तिसरा सेट परत आला आणि आमच्या घरातली उरलीसुरली शांतता गेली. तशी ती कधी फार नव्हतीच. खाली कारखाना, वर संसार, त्यामुळे कानस जास्त ओरडते की कुकर, एवढाच आमच्याकडे प्रश्न. पण हा सेट खोक्यातून निघाला तेव्हा ह्यांनी त्याच्याकडे जे पाहिलं, ते पहिल्या नंबराच्या मुलाच्या दप्तरात कॉपी सापडल्यावर मास्तर पाहील तसं.

"रबर," हे म्हणाले. "हल्लीचं रबरच भिकार."

आमचा धंदा आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाण्याखाली बुडी मारणारे पाठीवर हवेची टाकी बांधतात. आता टाकीपासून तोंडापर्यंत एकच नळी येते, पण साठेक वर्षांपूर्वी दोन असायच्या, घड्याघड्यांच्या, रबरी, जाडजूड. मानेमागे पितळेचा चपटा डबा, त्यात रबराचा पडदा. श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, पट्टी दाबली जाते आणि उजव्या नळीनं हवा तोंडात येते. सोडलेला श्वास डाव्या नळीनं मागे जातो आणि बुडबुडे मानेमागून निघतात, डोळ्यांसमोर येत नाहीत. हौशी लोकांना हे जुने सेट कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या वडिलांच्या पेटीत सापडतात आणि ते आमच्याकडे पाठवतात. हे ते खोलतात. मी व्हिनेगरमध्ये भिजवून त्यांचं हिरवं कीट काढते, नवा पडदा कापते, नळ्या चढवते. शेवटी हे सेट "लावतात".

लावणं म्हणजे आतला बारीक स्क्रू फिरवून स्प्रिंगचा जोर ठरवणं. जोर जास्त झाला तर माणसाला प्रत्येक श्वासाला झटावं लागतं. कमी झाला तर कुणी न ओढताच हवा फुसफुसत निघून जाते, आणि पाण्याखाली टाकी रिकामी झाली की काय होतं ते शहाण्याला सांगायला नको. मी तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. निवृत्त होताना इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली एक काचेची नळी घेऊन आले, फळीवर ठोकली, तिच्यात निळं पाणी भरलं. सेट जोडायचा, रबरी फुग्यानं हवा हळूहळू ओढायची, आणि सेट उघडतो त्या क्षणी पाणी किती चढलं ते बघायचं. चांगला लावलेला सेट दोन बोटांवर उघडतो. हे माझ्या नळीला "तुझा थर्मामीटर" म्हणतात आणि तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. हे सेट तोंडाला लावतात, डोळे मिटतात, चार श्वास ओढतात आणि स्क्रू फिरवतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं ह्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर चाळीस वर्षांत ह्यांचं तोंड एकदाही चुकलं नव्हतं.

आता मात्र दोन महिन्यांत तीन सेट परत. तिन्हींची तक्रार एकच, आपोआप फुसफुसतात.

नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. रबर मी निवडते, मी कापते. त्यामुळे रबराला नाव ठेवणं म्हणजे मला ठेवणं, आणि ते मी फुकट ऐकून घेणाऱ्यातली नाही. हे चहाला वर गेले तशी मी फळी पुढे ओढली.

शेल्फवर आमचे स्वतःचे नऊ सेट होते. लावला की दोरीनं चिठ्ठी बांधायची आणि तारीख घालायची ही ह्यांची शिस्त, त्यामुळे तारखेप्रमाणे मापायला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वीचा बरोबर दोन बोटांवर उघडला. त्यानंतरचा पावणेदोन. पुढचे तीन दीड. मग दोन सव्वा, एक एकावर, आणि गेल्या महिन्यातला तर पाणी हललं न हललं तोच सुटला. नऊच्या नऊ पडदे मी एकाच रबरातून कापलेले. पहिल्यात जे रबर तेच शेवटच्यात.

मी पुन्हा मापलं. पुन्हा तेच. वरून आवाज आला, "अगं, चहा निवतोय!" मी "आले" म्हणाले आणि जागची हलले नाही.

त्या दिवशी दुपारी हे खाली सेट लावत बसले आणि मी वर भाजी चिरत होते. ह्या सेटच्या तोंडात दोन छोट्या झडपा असतात, प्रत्येक श्वासाला टक् वाजतात, आणि आमच्या जिन्यातून तो आवाज सरळ स्वयंपाकघरात येतो. इतकी वर्षं कानावर पडत होता, लक्ष कधी दिलं नव्हतं. त्या दिवशी घड्याळाकडे बघून मोजले. एका मिनिटात अठ्ठावीस श्वास. माणूस स्टुलावर नुसता बसलेला. मग मी माझे मोजले. पंधरा.

विळी बाजूला ठेवली आणि तिथंच बसून राहिले. जिन्याच्या आठव्या पायरीवर हे वर्षभरापासून थांबतात. काय बघता हो, विचारलं तर म्हणायचे, खिडकीतली कबुतरं. कबुतरं कसली आलीत! पितळ घासताना जी धूळ उडते ती नाकातोंडात जाते, फडकं बांधा, म्हणून मी चाळीस वर्षं कानीकपाळी ओरडले. सेट बिघडत नव्हते. ह्यांचा दम कमी होत होता. आणि दम कमी झाला की दोन बोटांचा सेट जड लागायचा, म्हणून हे स्क्रू सैल करायचे. पुढच्या महिन्यात आणखी थोडा सैल.

आणि रविवारी हे जुन्या खाणीत उतरणार होते. दगड काढून सोडून दिलेली ती खाण, तिच्यात साठ फूट पाणी. ह्यांचं जुनं टोळकं वर्षातून एकदा जुनेच सेट लावून तिथं बुडी मारतं. कितीही आजारपणं आली तरी ह्यांनी ती बुडी चुकवली नव्हती.

बसवेना, उभं राहवेना. शुक्रवारी मी तीन वेळा फरशी पुसली. दर वेळी वाटायचं, आता सांगते, आणि दर वेळी हे काहीतरी विनोद करायचे आणि मी पुन्हा फडकं पिळायला घ्यायची. शेवटी चोरी केली. हे बाजारात गेले तेव्हा ह्यांचा स्वतःचा सेट काढला आणि नळीवर बरोबर दोन बोटांवर आवळला. म्हटलं, जड लागेल, आपणहून नाही म्हणतील. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

संध्याकाळी ह्यांनी तो तोंडाला लावला. दोन श्वास ओढले आणि काढला.

"ह्याला कोणी हात लावला?"

"कोणी लावणार?"

"छे. स्प्रिंग कडक झाली असेल." आणि माझ्या डोळ्यांदेखत पाऊण फेरा सैल केला.

शनिवारी सकाळी मी फळी, शेल्फवरचे नऊ सेट आणि चिठ्ठ्या ह्यांच्यासमोर मांडल्या आणि सगळं सांगितलं. आकडे सांगितले, अठ्ठावीस श्वास सांगितले, आठवी पायरी सांगितली. आवाज चढला माझा. रागावल्याशिवाय मला रडू आवरत नाही, हा माझा जुना दोष.

हे ऐकत होते. मग माझ्या नळीवर एक टिचकी मारली.

"काचेला काय कळतं श्वासातलं?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळतं! ती खोटं बोलत नाही."

"मी खोटं बोलतो?"

"कबुतरं, कबुतरं कोण म्हणतं मग?"

ह्यांनी चिठ्ठ्या गोळा करून खिशात टाकल्या. "वय झालंय, श्वास थोडा वाढणारच. उद्या मी जाणार. तुला यायचं तर ये, नाहीतर घरी बसून फुगा दाब." एवढं बोलून हे जिना चढायला लागले आणि मला दाखवायला म्हणून आठव्या पायरीवर थांबले नाहीत. वर पोचल्यावर दार लावून खोकले. मी खाली उभी राहून तो खोकला ऐकला, आणि आयुष्यात एवढा राग आणि एवढी माया मला एकाच माणसाची एकाच वेळी कधी आली नव्हती.

रविवारी मीही गेले. न जाऊन सांगते कुणाला.

खाणीच्या काठावर सपाट दगडांची एक उतरण आहे, तिथून मंडळी पाण्यात शिरतात. चौघं होते. ह्यांचा जिवलग मित्र, ज्याला आम्ही सगळे बेडूक म्हणतो, कारण पाय तसेच आहेत. एक नकाशे काढणारा. एक दातांची डॉक्टर, टोळक्यात सगळ्यांत लहान, म्हणजे पन्नाशीची. आणि हे. दातांची डॉक्टर आणि नकाशेवाला केव्हाच पाण्यात शिरून मध्याकडे पोहत निघाले होते. बेडूक काठावर पट्टे आवळत होता.

"वहिनी, चेहरा का असा? नवरा बुडवायला आणलाय का?"

"तुम्हीच बुडवाल," मी म्हणाले. तो हसला. मला हसू आलं नाही.

हे छातीइतक्या पाण्यात गेले. तोंडाचा भाग दातांत धरला. सेट फुसफुसायला लागला. दोन नळ्यांचा सेट तोंड डब्यापेक्षा वर असलं की थोडं असं करतोच, खाली वाकलं की गप्प बसतो. हे वाकले. गप्प बसला नाही. मानेमागून बुडबुड्यांचा लोटच निघाला, थांबेचना.

"अरे, वस्तादांचाच सेट!" बेडूक ओरडला. "ये इकडे, मी आवळतो."

हे काठावर आले. बेडकानं क्लिपा काढून डबा उघडला, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं पाऊण फेरा आवळला, डबा बंद केला, स्वतः चार श्वास ओढले. "फर्स्ट क्लास. आता लोण्यासारखा चाललाय. घे."

ह्यांनी सेट तोंडाला लावला. मी चार हातांवर उभी होते. टक्, टक् ऐकू येत होतं. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला खांदे वर आले. सहाव्याला मान ताणली. सातवा अर्धाच घेतला आणि ह्यांनी सेट तोंडातून काढला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ओणवे झाले.

बेडूक गोंधळला. "जड आहे का? पण मला तर..." त्यानं पुन्हा ओढून पाहिला. "ठीक आहे की रे. सेटमध्ये काही नाही."

"नाही," हे म्हणाले. "सेटमध्ये काही नाही." श्वास घेऊन म्हणाले, "मला दम पुरत नाही. वर्ष झालं. मला माहीत होतं."

बेडकानं स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. मी जाऊन ह्यांच्या छातीचा पट्टा सोडवायला लागले. सुटल्यासारखं वाटत होतं. हे पाण्यात जाणार नव्हते. मला दुसरं काही नको होतं.

पण ह्यांनी माझा हात बाजूला केला. हे पाण्याकडे बघत होते. तिकडे मध्यावर दातांची डॉक्टर आणि नकाशेवाला पोचले होते, आणि खाली जायच्या आधी एकमेकांना अंगठ्यानं खूण करत होते.

"त्या दोघांचे सेट," हे म्हणाले. "मी लावलेत. ह्याच महिन्यात."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन दिवस फरश्या पुसल्या, चोऱ्या केल्या, भांडले, आणि मला फक्त माझ्या माणसाची पडली होती. ते दोघं अर्ध्या बोटावर लावलेले सेट घेऊन साठ फूट खाली निघाले होते आणि मी पट्टे सोडवत बसले होते. लाज वाटली, पण लाजायला वेळ नव्हता.

हे पुढे झाले, पाण्यात गुडघ्यापर्यंत, आणि ओरडले. ओरडले म्हणजे तोंड उघडलं. "बाहेर" एवढंच निघालं, तेही माझ्यापर्यंतच पोचलं. पुन्हा तोंड उघडलं तर नुसती हवा. नकाशेवाल्याचं डोकं पाण्याखाली गेलं. ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, चष्मा कुठे आहे याखेरीज.

मी पाण्यात शिरले आणि सगळा जीव घशात आणून ओरडले. "बाहेर या! सेट चुकीचे लागलेत! बाहेर या!"

दातांच्या डॉक्टरनं मान वळवली. हात वर केला आणि लगेच खाली वाकून नकाशेवाल्याला ओढायला गेली. बेडूकही पाण्यात झेपावला होता. मी थांबले, धाप लागली होती.

ह्यांनी माझं मनगट धरलं. "अजून एकदा," हे म्हणाले. "आणि सांग, चूक माझी आहे."

मी सांगितलं. खाणीच्या चारी भिंतींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, आणि दोन्ही डोकी काठाकडे येताना दिसेपर्यंत सांगत राहिले.