चष्मेवालीचा निर्णय

चष्मेवालीला होम प्लेटमागे उभं करायचं ठरलं ते काही हौसेनं नव्हे, निव्वळ नाइलाजानं. बेसबॉल लीगचे जुने अंपायर सकाळी जिन्यावरून घसरले, घोट्याचा पार भोपळा झाला, आणि फायनल तर त्याच दुपारी. सेक्रेटरींनी सगळीकडे फोन फिरवले. कुणी परगावी गेलेलं, तर कुणी तापानं फणफणलेलं. शेवटी ते तिच्या दुकानाची पायरी चढले आणि काउंटरवरच्या फ्रेमा उगाच हाताळत म्हणाले की, आज तुम्हीच उभ्या राहा.

ती आठवडाभर चष्म्याचं दुकान चालवायची आणि रविवारी मैदानाच्या कोपऱ्यातल्या बेसवर अंपायरिंग करायची. परीक्षा कधीच पास झाली होती, नियम तोंडपाठ होते. पण प्लेटमागे, जिथे प्रत्येक बॉलचा निवाडा होतो, तिथे बाईला आजवर कुणी उभं केलं नव्हतं. एक मात्र खरं, अंपायरला चष्मा लावा म्हणून ओरडायची सोय तिच्यापुढे राहिली नव्हती. निम्म्या खेळाडूंचे नंबर तिनेच काढलेले. कोण किती पाण्यात आहे, ते ती जाणून होती.

नेमकं त्याच फायनलला एका संघाकडून मुंगी खेळत होती. चण बारीक म्हणून मुंगी. अख्ख्या लीगमधली ती एकुलती एक मुलगी, आणि तीही कॅचर, म्हणजे प्लेटपाशी उकिडवं बसून येईल तो बॉल झेलणारी. तिला संघात घ्यायला तिच्या कोचनी क्लबच्या कमिटीशी बरीच हुज्जत घातली होती. आता कॅचर मुलगी, तिच्या पाठीशी अंपायर बाई. समोरच्या संघात कुजबुज सुरू झाली. त्यांचा कॅप्टन अदबीनं का होईना, पण तोंडावर बोलून गेला की, पोरगी म्हणून झुकतं माप मिळायला नको.

बायकांसाठी वेगळी खोली नव्हतीच. चुन्याची पोती, फाटक्या जाळ्या आणि गंजका रोलर ठेवलेल्या सामानाच्या खोलीत दोघींनी कपडे बदलले. पोरीला गुडघ्यावरच्या पॅडचं बक्कल काही केल्या लावता येईना.

"एक दिवस वाईट गेला की संपलं माझं," ती म्हणाली. "कमिटीवाले टपूनच बसलेत."

चष्मेवालीनं खाली वाकून बक्कल लावून दिलं, पण धीराचा शब्द काही काढला नाही. अंपायरनं काढायचा नसतो.

सामना रंगला. सुरुवातीला तिच्या प्रत्येक इशाऱ्यावर नाकं मुरडली गेली, मग हळूहळू लोक तिला विसरले, आणि अंपायरला याहून मोठं सुख नसतं. शेवटच्या डावात धावसंख्या बरोबरीत आली. समोरच्या बॅटरनं बॉल लांब टोलवला आणि त्यांचा एक दांडगा गडी होम प्लेटकडे सुसाट सुटला. तो पोचला तर सामना तिथेच संपणार होता. मैदानाच्या टोकावरून फेकलेला बॉल बंदुकीच्या गोळीसारखा आला. मुंगीनं तो झेलला, वळली, घसरत येणाऱ्या गड्यानं प्लेट गाठायच्या आत त्याच्या खांद्याला बॉल धरलेला ग्लोव्ह लावला, आणि तो तिच्या अंगावर आदळला. धुळीचा लोट उठला.

चष्मेवालीनं मूठ वर केली. आउट.

मुंगीच्या संघानं जल्लोष केला. धूळ बसली, आणि पालथ्या पडलेल्या मुंगीच्या गुडघ्याशी चष्मेवालीला बॉल दिसला. ग्लोव्ह रिकामा होता. बॉल हातात टिकला नाही तर आउट नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तो पोरीच्या अंगाआड होता, बाकी कुणाला दिसणं शक्य नव्हतं. मुंगीनं बॉलकडे पाहिलं, मग वर, तिच्याकडे.

गप्प राहिलं तर पोरगी वाचत होती, आणि तीही. आता निर्णय फिरवला तर बाई गोंधळली म्हणून गावभर होणार, पुन्हा कुणी प्लेटच्या आसपास फिरकू देणार नाही. आणि ही पोर पुन्हा घरी. हे सगळं तिच्या मनात एका श्वासात येऊन गेलं. मग तिनं मास्क काढला आणि दोन्ही हात आडवे पसरले.

"सेफ. बॉल सुटला."

एकच गिल्ला झाला. तिला दुकानात बसवा, असं मागून कुणीतरी म्हणालं. मुंगीचे कोच लालबुंद होऊन धावत आले. आधी आउट, मग सेफ, हा काय पोरखेळ आहे, बॉल सुटलेला पाहिला कुणी, अशी त्यांनी सरबत्ती लावली. ती तेवढंच पुन्हा म्हणाली, बॉल सुटला.

तेवढ्यात मुंगी उठून उभी राहिली. ओठ फुटला होता.

"सुटला, सर. माझ्या हातातून सुटला."

कोच तिच्याकडे बघतच राहिले. मग वळले आणि चालू लागले.

मुंगीचा संघ हरला. सामना संपल्यावर चष्मेवाली सामानाच्या खोलीत चुन्याच्या पोत्यावर मटकन बसली. मुंगी तोंड धुऊन आली आणि रोलरला टेकून उभी राहिली.

"मी गुडघा बॉलवर सरकवणार होते," ती खाली बघत म्हणाली. "सरकवलाही असता. तुम्ही हात पसरलेत आणि मला एकदम हलकं वाटलं. आता घरी बसावं लागलं तरी चालेल."

"मलाही हलकं वाटलं," चष्मेवाली म्हणाली. "नंतर वाटलं, आधी नाही."

दारावर टकटक झाली. बाहेर कोच होते. मुंगीच्या तोंडचं पाणी पळालं.

कोच आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"उद्या जरा लवकर ये. धडक बसताना दुसरा हात ग्लोव्हवर दाबून धरायचा असतो. ते पक्कं करून घेऊ."

"म्हणजे... मी येऊ?"

"का? आपल्या त्या दुसऱ्या धटिंगण कॅचरनं या वर्षी कितीदा बॉल सोडला. त्याला काढलं का मी?" एवढं बोलून ते चष्मेवालीकडे वळले. "आवाज जरा चढलाच माझा," ते म्हणाले आणि पुढचं गिळून निघून गेले.

मुंगी हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. फुटलेला ओठ ताणला जाऊन दुखत होता, तरी हसू थांबेना. चष्मेवालीनं तिला पाठीवर हलकेच थोपटलं. आता काही ती अंपायर नव्हती.

बाहेर सेक्रेटरी घाम पुसत उभे होते. ती मनाशी उत्तर जुळवतच त्यांच्यासमोर गेली. पण त्यांनी निर्णयाचा विषयही काढला नाही. पुढच्या महिन्यात शाळांचे सामने सुरू होतायत, म्हणाले, सकाळचे घेता की दुपारचे?

"प्लेटमागे?" तिनं विचारलं.

"मग कुठे?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. सकाळी दुकानात गिऱ्हाईक असतं, तिनं सांगितलं, दुपारचे द्या. आणि पोरीला खूप भूक लागली होती, म्हणून दोघी आधी काहीतरी खायला निघाल्या.