वाघाच्या पावल्या

सोपानदादाला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा धुरपदावहिनीनं मला दौंडहून निमोण्याला बोलावून घेतलं. आमच्यात घरातला कर्ता माणूस गेला की त्याचा चांदीचा टाक करून देवघरात बसवतात. बोटाच्या दोन पेरांएवढा पातळ पत्रा, त्यावर ठोकून काढलेली आकृती. चांदी मात्र घरातलीच लागते. विकतच्या चांदीत आपला माणूस उतरत नाही, असं आई म्हणायची. खरंखोटं मला ठाऊक नाही.

वहिनीकडे घरातली चांदी होती. लग्नात आईनं तिच्या गळ्यात पावल्यांची माळ घातली होती. पावली म्हणजे जुने चार आणे. त्या माळेतल्या उरलेल्या पावल्या तिनं फडक्यात बांधून जपल्या होत्या. रविवारी भावकी जेवायला येणार होती. शुक्रवारी आम्ही दोघं शिरूरच्या सोनाराकडे निघालो.

एसटीत तिनं फडकं सोडून दाखवलं. प्रत्येक पावलीच्या एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला वाघ. मी चष्मा पुसून साल पाहिलं. शेहेचाळीस, सत्तेचाळीस.

दौंडच्या वाचनालयात मी नोकरीला होतो. तिथं नाण्यांवरचं एक पुस्तक होतं. लढाईच्या काळात सरकारनं पावलीतली चांदी निम्म्यावर आणली, आणि लढाई संपल्यावर काढूनच टाकली. वाघ आला तो त्यानंतर, असं त्यात वाचल्यासारखं वाटत होतं. पण माझं वाचलेलं नेहमी अर्धवटच ध्यानात राहतं.

"वहिनी, माळेत बिनवाघाच्याही होत्या ना?"

"व्हत्या की, येलबुट्टीच्या. त्या भात्तरच्या दुष्काळात मोडल्या, मेंढरांच्या चाऱ्यापायी. तुमचे दादा म्हनले, वाघ देवाचा हाय, त्याला हात लावू नगंस."

"या वाघाच्या निकेलच्या असाव्यात. असं वाचलंय. नक्की नाही सांगता येत."

"तुमचं कवा नक्की असतंय, भावजी? पोरगी बघाय गेलता तवाबी ह्येच म्हनला. ती बिचारी दुसऱ्याची झाली."

पुढच्या सीटवरचा माणूस वळून हसला. मीही हसलो.

सोनारानं पावल्या हातात घेऊन पाहिल्या आणि खणातून लोहचुंबक काढला. पावल्या टकटक चिकटल्या.

"आजी, चांदी न्हाई ह्यात."

"नीट बघा. सासूबाईंची हाय."

त्यानं गल्ल्यातला नवा रुपया काढून त्याच चुंबकाला लावला. तोही चिकटला. "ह्यो आताचा, स्टीलचा. आन् ही तुमची पावली. चांदी चुंबकाकडं ढुंकून बघत न्हाई."

"मग हेच वितळवा."

"माझ्या भट्टीत न्हाई वितळायचं."

"ठोकून बघा."

त्यानं एक पावली ऐरणीवर ठेवून हातोडा घातला. हातोडा उडाला. पुन्हा घातला. वाघाची पाठ थोडी चेपली, एवढंच.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाली.

तयार टाक होते. सोनारानं ताटलीच पुढं केली. सगळ्यांवर घोड्यावर बसलेला एकच माणूस, हातात तलवार. दादा उभ्या आयुष्यात घोड्यावर बसला नव्हता.

"ह्यो कुनाचा?" वहिनीनं एक उचलून विचारलं.

"कुनाचाबी. तुमी ज्याचं नाव घ्याल त्याचा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आईचं सगळंच खरं असेल असं नाही." मग ते बरोबर बोललो की चुकलं, हेच कळेना. काही वाटतही नव्हतं. समोर चहाच्या टपरीवर कुणीतरी कप विसळत होतं, ते मी पाहत राहिलो.

"रविवारी मान्सं येनार," ती म्हणाली आणि टाक बांधून घेतला.

रविवारी देवघरासमोर पाट मांडला. आतल्या खोलीत आम्ही दोघंच होतो. वहिनी टाक ताम्हणात ठेवून बसली, पाणी घातलं, पुसला. मग हळदीची वाटी माझ्याकडे सरकवली.

"भावजी, तुमी लावा. माजा हात जात न्हाई."

मी हळद भिजवली.

"आन् नाव नगा घेऊ."

मी घोडेस्वाराला हळद लावली, कुंकू लावलं, खंडोबाच्या टाकाशेजारी टेकवून ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला. वहिनी दाराकडे बघत होती.

बाहेर पंगत बसली होती. कुणीतरी ओरडून विचारलं, "बसवलं का सोपानरावांना?"

वहिनी हळदीची वाटी उचलून उठली. मी दारात येऊन म्हणालो, "वाढायला घ्या."