पायरावांचा मोजा

दिवसभर उभं राहून केस कापणाऱ्या दादाच्या पोटरीवरची शीर सुजून दोरीसारखी टणक झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वरवरच्या शिरेत गुठळी आहे. सध्या गोळ्या, चालणं आणि हा घट्ट मोजा. गुठळी वर मांडीकडे सरकली, तर मात्र रक्त पातळ करायची इंजेक्शनं."

इंजेक्शनच्या नुसत्या नावाने दादाला घाम फुटला. पण मोजा इतका घट्ट होता, की पोट आडवं येणाऱ्या माणसाला तो एकट्याने चढेना. घरी दुसरं कुणी नव्हतं. दुकानात शेजारच्या खुर्चीवर दाढ्या करणारा धाकटा भाऊ होता, पण पंख्याचं तोंड कुणाकडे असावं यावरून तो वर्षभर दादाशी बोलत नव्हता.

सकाळी दादा दुकानात मोज्यात नुसता अंगठा घालून हाशहुश करत बसला. धाकट्याने वस्तरा ठेवला आणि समोर बैठक मारली.

"पायराव, जरा सरळ व्हा," तो पोटरीला म्हणाला.

दादा बघतच राहिला.

"माझं भांडण दादाशी आहे. पायरावांनी माझं काय घोडं मारलंय?"

पाय सरळ झाला.

"पायराव म्हणतायत, हळू ओढ, गाढवा," दादा म्हणाला.

"पायरावांना म्हणावं, तोंड सांभाळा."

मोजा गुडघ्यापर्यंत चढला. दोघेही घामाघूम झाले.

"रात्री हा काढायचा असतो," धाकटा म्हणाला. "कोण काढणार, विचार त्यांना."

दादाने खाली वाकून पायाशी बराच वेळ सल्लामसलत केली.

"पायराव म्हणतायत, जेवायलाच ये."