पाण्यातले बटाटे

"दोन पानं एकदम उलटलीस," त्र्यंबक म्हणाले.

गिरिजाने पुस्तकातून मान वर केली. डायबेटिसने नवऱ्याची नजर नेली होती, कान मात्र शाबूत ठेवले होते. कागदाची सळसळसुद्धा त्यांच्या कानातून सुटायची नाही. चिकटली असतील पानं, असं काहीतरी ती पुटपुटली आणि मागे न जाता पुढचंच सांगू लागली.

पुस्तक त्यांच्या अमेरिकेतल्या गावच्या, नोव्हायच्या लायब्ररीतलं होतं. मृत्युदंडाची तारीख लागलेले कैदी आणि त्यांच्यावर पहारा करणारे गार्ड, अशी जाडजूड इंग्रजी कादंबरी. आजारी माणसाला वाचून दाखवायला हेच मिळालं का, असं मुलीने, रुहीने, सिअ‍ॅटलहून फोनवर विचारलं होतं. पण मागणी त्यांचीच होती. ज्यात कोणी 'पॉझिटिव्ह राहा' म्हणत नाही असं काहीतरी आण, असं त्यांनी सांगितलं होतं. गिरिजाने लायब्ररीतल्या बाईंना तसंच्या तसं सांगितलं आणि त्यांनी न हसता हे पुस्तक काढून दिलं.

वाचायची त्यांची एक पद्धत होती. गिरिजा डोळ्यांनी इंग्रजी वाचायची आणि तोंडाने मराठी सांगायची. सहा वर्षं मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस सेंटरमध्ये चार-चार तास असेच काढले होते. ते रिक्लायनरवर, दंडात दोन सुया, शेजारी मशीन. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत. ती श्वास घ्यायला थांबली की ते "पुढे?" म्हणायचे. त्यामुळे या कादंबरीतले अमेरिकन गार्डही सांगलीचं मराठी बोलत. एका प्रकरणात म्हातारा गार्ड, ज्याचा शेवटचा दिवस आहे त्या कैद्याला सकाळी ब्लडप्रेशरची गोळी देतो. कारण नियम तसा असतो. "घे बाबा, चुकवू नकोस," असं गिरिजाने सांगितल्यावर त्र्यंबक इतके हसले की हात हलून मशीनचा अलार्म वाजला आणि नर्स धावत आली.

ते शनिवारी. तो त्यांचा शेवटचा डायलिसिस होता.

आता पुरे, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. गाड्यांच्या ब्रेक टेस्टिंगमध्ये तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, कुठे थांबायचं याचा हिशेब त्यांना बरोबर कळत असावा. रुही आली, भांडली, रडली आणि शेवटी "इट्स युअर कॉल, बाबा" म्हणून त्यांच्या पायाशी बसून राहिली. शेवटच्या दिवसांत घरी येऊन काळजी घेणाऱ्या हॉस्पिसवाल्यांनी फॅमिली रूममध्ये पलंग आणून लावला. त्यांची नर्स म्हणाली, आठ-दहा दिवस. गोळ्या बंद करा. आणि त्यांना जे हवं ते खाऊ द्या, आता पथ्य नाही.

गिरिजाला रडू येत नव्हतं. दाढ काढायच्या आधी भूल दिली की गाल आपला राहत नाही, तसं तिला सगळं अंगभर झालं होतं. चहा होत होता, फोन घेतले जात होते, बर्फ पडला की ड्राइव्हवे साफ होत होता. हे सगळं कोण करतंय, याचं तिला अधूनमधून नवल वाटायचं.

आज मंगळवार. पहिला मंगळवार, ज्या दिवशी कुठे जायचं नव्हतं.

"काय खाल?" तिने पुस्तक मिटत विचारलं.

"बटाटा-टोमॅटोचा रस्सा," ते लगेच म्हणाले. त्यांनी आधीच ठरवून ठेवलं असावं. "खरा बटाटा. आणि मीठ घाल माणसांसारखं."

खरा बटाटा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. किडनी गेलेल्याला बटाटा म्हणजे विष, टोमॅटो म्हणजे त्याहून जास्त. सहा वर्षं या घरात बटाटा आला तो पातळ काप करून, कोमट पाण्यात तासन् तास भिजून, पाणी बदलून, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून. पोटॅशियम निघून जायचं आणि त्याबरोबर बटाटाही. उरायचा तो पांढरा, मऊ, निर्विकार पदार्थ. तोही पंधरवड्यातून एकदा. दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून गिरिजाही तेच खायची. एवढ्या वर्षांत घराबाहेरसुद्धा तिने बटाट्याला हात लावला नव्हता.

तिने मनापासून स्वयंपाक केला. टोमॅटो पिकलेले बघून घेतले, मोहरी तडतडू दिली, वरून कोथिंबीर घातली. रुहीने बाबांना बसतं केलं. गिरिजाने पोळी रश्श्यात बुडवून त्यांना घास भरवले आणि मधेच बशीतली पांढरी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती गिळली. वाटी पुसून संपवली. छान झालंय म्हणाले.

भांडी घासायला ती सिंकपाशी गेली, तर तिथे मोठं पातेलं होतं. त्यात गढूळ, पांढुरकं पाणी. त्यांनी रस्सा मागितल्याबरोबर बटाटे भिजत टाकले होते. दोन तासांनी पाणी बदललं होतं. नंतर उकळूनही घेतले होते. सगळं तिनेच केलं होतं आणि तिला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. गोळीही तीच, जेवणाबरोबर घ्यायची, नर्सने बंद करायला सांगितलेली.

ती तशीच ओल्या हातांनी पलंगापाशी आली.

"अहो, बटाटे मी भिजवले होते."

"कळलं मला. पहिल्याच घासाला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू छान भरवलंस. गोळीसुद्धा दिलीस, त्या गार्डसारखी." ते जरा हसले. मग म्हणाले, "त्याचं पुढे काय होतं गं? त्या गार्डचं?"

"अजून साठ पानं आहेत."

"त्याचंच वाच. कैद्याचं मला ठाऊक आहे."

उद्या पुन्हा रस्सा करते, अगदी सकाळी करते, असं तिने सांगितलं. तिला आता एवढंच हवं होतं. दुसरं काही या जगात तिच्या हातात राहिलं नव्हतं. एक वाटी खऱ्या बटाट्याचा रस्सा तेवढा होता. आई, इट्स ओके, असं रुही म्हणत होती, पण ते ओके नव्हतं. सहा वर्षं ज्या माणसाला जगवायला तोंडची चव काढून घेतली, त्याला ती परत करायला एकच दिवस चांगला मिळाला होता आणि तो तिने पाण्यात घातला होता.

बुधवारी सकाळपासून त्यांना उमासे येऊ लागले. पाणीही नको म्हणाले. तोंडात लोखंड धरल्यासारखं वाटतंय, असं सांगून त्यांनी डोळे मिटले. नर्स म्हणाली, हे असंच होत जाणार. गिरिजाने त्यांच्या ओठांवरून ओला कापूस फिरवला आणि वगळलेली दोन पानं तिला आठवली. ती तिने सोमवारी दुपारी ओट्यापाशी उभ्याने वाचली होती. कैदी तळलेले मासे मागतो, गार्ड ते गरम आणतो, आणि कैद्याला एक घाससुद्धा जात नाही. मग फॉर्मवर गार्डला लिहावं लागतं, जेवण दिलं, खाल्लं नाही. ती पानं न वाचल्याने काय फरक पडणार होता, कोण जाणे.

गुरुवारी दुपारी त्यांनी डोळे उघडले. बाहेर बर्फावर ऊन होतं.

"रस्सा करणार होतीस," ते म्हणाले.

"तुम्हाला जाणार नाही."

"तू कर तर."

तिने केला. या वेळी चाकू हातात घेतल्यापासून प्रत्येक गोष्ट ती तोंडाने बोलत गेली, म्हणजे हात परस्पर काही करणार नाहीत. सोललं. मोठे तुकडे केले. पाण्यात नाही टाकायचे, थेट कुकरमधल्या फोडणीत. रुही दारात उभी राहून ऐकत होती.

वाटी घेऊन गिरिजा त्यांच्याजवळ आली. वासानेच त्यांनी मान जराशी वळवली. चमचा ओठांना लावला, तर त्यांनी ओठ मिटले आणि डोकं हलवलं. तिने चमचा परत वाटीत ठेवला.

"तू खा," ते म्हणाले. "आणि मला सांग."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. ती नेहमीच्या बाजूला, त्यांच्या कानाजवळ खुर्ची ओढून बसली आणि तिने पहिला घास घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या जिभेला खरा बटाटा लागला. त्याला मातीचा वास होता. टोमॅटो आंबट होता, मीठ इतकं बोचलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एकदा आल्यावर ते थांबेना. हे ती त्यांना सांगू लागली. पिठूळ आहे म्हणाली, दाताखाली जरा टणक लागतोय, एक शिट्टी कमी पडली. मोहरी थोडी करपलीय. मीठ जास्त झालंय, माझी सवयच गेली.

बोलता बोलता ती श्वास घ्यायला थांबली.

त्र्यंबकांनी डोळे उघडले नाहीत.

"पुढे?" ते म्हणाले.

तिने नाक पुसलं आणि दुसरा घास घेतला.