पूर्ण नावाने

तिसऱ्या वकिलाने गोदाला चप्पल काढून पाय पुढे करायला सांगितला.

टेंभी नाक्यावरच्या त्या माडीवर दुपारचं ऊन थेट टेबलाखालपर्यंत आलं होतं. गोदाने संकोचत पाऊल उन्हात ठेवलं. टिपणीस वकिलांनी चष्मा सरळ करून तिच्या बोटातलं जोडवं पाहिलं आणि ते काढायला लावलं. जोडवं निघालं तसा त्याखाली कातडीचा फिका पट्टा दिसला.

"एवढ्यावरून काढलं तुम्हाला?"

"हो. पॅकिंगमध्ये अनवाणी काम असतं."

गोदा चार वर्षं ठाण्यातल्या एका औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होती. मुलीने लग्न केलं की त्याच दिवशी काम सोडायचं, असा तिथला नियम होता आणि कामावर लागताना त्यावर सही घेतलेली होती. दोन वर्षांपूर्वी गोदाचं लग्न झालं. मग तिनेही खात्यातल्या इतर दहाबारा जणींसारखं केलं. कोपरीतल्या शंकराच्या देवळामागे एक नळ होता. रोज सकाळी तिथे मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या आणि जोडवी उतरवून डब्याच्या खालच्या खणात ठेवायची, कुमारिका होऊन आत जायचं आणि संध्याकाळी त्याच नळावर पुन्हा संसारात यायचं. सगळं काढलं जायचं. जोडव्याखाली ऊन लागत नाही, हे मात्र एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. नव्या सुपरवायझरबाईंनी पहिल्याच आठवड्यात गोदाच्या बोटावरचा पट्टा पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून बाकीच्यांनी बोटांना राख चोळली.

आधीच्या दोन वकिलांकडे नवरा, सहदेव, बरोबर आलेला. कल्याणच्या वकिलाने, असला कायदाच नाही म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्याने गोदाकडे न पाहता सहदेवला विचारलं की तुम्ही धडधाकट असताना बाईला कशाला राबवता. सहदेव छापखान्यात बदलीवर होता, महिन्यातले अर्धे दिवस घरीच असायचा. त्या दिवसापासून तो घरात कमी बोलायला लागला होता. म्हणून आज गोदा एकटी आलेली. ती दमली होती. पायांनी तर दमलीच होती, पण तीच हकिगत तिसऱ्यांदा सांगून जास्त दमली होती.

टिपणीसांनी निदान शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सरळ सांगितलं. राज्यघटना लागू होऊन आठ वर्षं झाली, तिच्यात स्त्री-पुरुष समान आहेत. पण ती सरकारला बांधते, कारखानदाराला नाही. कामगार कोर्टाची वाट आहे, मात्र एकटीची तक्रार तिथे उभी राहत नाही. खात्यातल्या बायका मागे हव्यात. युनियनला विचारलंत का? गोदाने विचारलं होतं. मुलींचा नियम पहिल्यापासूनच आहे, असं सेक्रेटरीने सांगितलं होतं.

"मग सह्या आणा. पोरींच्या आणाल, ते ठीक," टिपणीस म्हणाले. "पण कंपनी म्हणणार, लग्न झालं की बाईचं कामात लक्ष राहत नाही. खाडे होतात. त्याला उत्तर म्हणून मला एक बाई द्या. लग्नानंतर वर्षानुवर्षं काम केलेली, कामात खोट नसलेली, आणि तसं लिहून देणारी. एकच पुरे. ती मिळाली तर मी वकीलपत्र घेतो."

त्यांनी अर्ज खरडून दिला. जिना उतरताना गोदाला हसू आलं आणि लगेच रडूही. असल्या बाया तिला दहा ठाऊक होत्या. सगळ्यांची मूठ झाकलेली होती, आणि तिने जाऊन ती उघडायला सांगायची होती.

साडेपाचला ती नळापाशी जाऊन उभी राहिली. बायका आल्या, डबे उघडले, काळे मणी गळ्यात पडले. गोदाने अर्ज वाचून दाखवला. दोन कुमारिका पोरींनी चटकन सही केली. बाकीच्यांनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. एकीला गाडी होती, एकीची सासू आजारी होती. लक्ष्मी तेवढी खरं बोलली.

"अगं, माझं पोर दीड वर्षाचं. ते झाल्यावरच कुमारिका म्हणून लागले इथे, आईकडे ठेवून येते. ह्यावर सही केली तर उद्या तुझ्याशेजारी उभी राहीन, झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे, पण पगार तर येतो."

गोदाला तिचा राग आला नाही. गेल्या वर्षी कोणी तिच्यापुढे कागद धरला असता तर तिलाही गाडीच आठवली असती. बायका पांगल्या.

राहिली हौसाबाई. ही खात्यातली सगळ्यात जुनी, अकरा वर्षांची. हाताला इतकी चोख की नव्या पोरींना तिच्याच बाजूला बसवत. पस्तिशी उलटली तरी लग्न नाही, म्हणून पोरी तिला लाडू कधी देताय म्हणून छेडत, आणि ती नुसती हसे. नळावर तिला उतरवायला काही नसे. इतरांचे डबे धरून ती उभी राहायची.

"दे इकडं," हौसाबाई म्हणाली.

"करा तुम्ही सही. तुम्हाला काय भीती?" गोदा म्हणाली. "पण वकिलांना लग्न झालेली हवीय. ती काही मिळायची नाही."

हौसाबाईने नळावर हात धुतले, पदराला पुसले. देवळाच्या पायरीवर कागद ठेवून ती सावकाश लिहायला लागली. एवढ्या जलद हाताची बाई, पण लिहायला तिला फार वेळ लागला. गोदाने कागद घेतला. हौसाबाई दौलत शेलार, राहणार टिटवाळा. कंपनीच्या हजेरीपटावर ती हौसा धाकू मोरे होती.

गोदाने मान वर केली.

"दौलत कोण?"

"माझे मालक." हौसाबाई पायरीवरची धूळ बोटाने पुसत होती. "मी टिटवाळ्यालाच सगळं काढून यायची. इथवर आणायचा धीर नव्हता. सात वर्षं केलं तसं. या दसऱ्याला त्यांना जाऊन तीन वर्षं होतील."

"आणि तुम्ही कामावर..."

"तिसऱ्या दिवशी आलेली. जास्त खाडा केला असता तर विचारपूस झाली असती. तुम्ही विचारलंत ताप होता का. मी हो म्हटलं."

गोदाला ते आठवलं. तिनेच विचारलं होतं, आणि ताप उतरला म्हणून तिला चहाही पाजला होता. कंपनी विधवांना ठेवते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण विधवा व्हायला आधी लग्न झालेलं असावं लागतं. हौसाबाईला ना कुंकू लावून खात्यात जाता आलं, ना ते पुसून. गोदाला तिचा हात धरावासा वाटला, आणि तिने धरला.

"हौसाबाई, तुमची नोकरी जाईल."

"जाईल."

"मी हा कागद फाडते. दुसरी कोणी मिळेल."

"नाही मिळायची."

नळ थेंबथेंब गळत होता. हौसाबाईने उठून तो घट्ट बंद केला आणि आपला रिकामा डबा उचलला. दोन पावलं जाऊन ती थांबली.

"कोर्टात पुकारा करतात ना गं? शिपाई दारात उभा राहून?"

"करतात."

"पूर्ण नावानं?"

"हो. पूर्ण नावानं. मोठ्यानं."

हौसाबाईने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या कुणी माझ्या नावापुढं लावलं नाही. एकदा लावू दे."