पोवळ्याला निवळी

रहीम बरीच वर्षं जेद्दाला इलेक्ट्रिशियन होता. आखाती युद्धाच्या साली तो औरंगाबादला परतला, वाळूजच्या एका कारखान्यात लागला आणि टीव्ही सेंटरजवळच्या सिडकोच्या छोट्या घरात त्यानं नव्यानं संसार मांडला. बायको गौहर सिल्लोडच्या एका पानवाल्याची लेक. लग्नापासून तिला नवरा मिळायचा तो सुट्टीपुरता. आता तो रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी यायचा, याचंच तिला अप्रूप होतं.

पण रहीमचं चित्त थोडं तिकडंच राहिलं होतं. जेद्दात त्याच्या मालकाच्या बंगल्यात समुद्राच्या पाण्याची मोठी टाकी होती. तिच्यात जिवंत पोवळी वाढत. तिची देखभाल रहीमकडं असायची. इथं आल्यावर चहा पिता पिता तो मध्येच गप्प व्हायचा आणि गौहरला कळायचं, गडी समुद्रात गेला.

एक दिवस त्यानं जुन्या ट्रंकेएवढी काचेची टाकी करून आणली. त्याचा चुलतभाऊ दाऊद ट्रक घेऊन मुंबईला जायचा. तो येताना कॅनमधून समुद्राचं पाणी आणायला लागला. मग दगड आले, शंखातल्या दोन-चार गोगलगायी आल्या, एक कोळंबी आली, अंगावर पांढरे पट्टे असलेला एक केशरी मासा आला. शेवटी, ओल्या कापडात गुंडाळल्यासारखं जपत, दाऊदनं पोवळ्याचा एक फाटा आणला.

"हे पोवळं? अंगठीतलं?" गौहरनं विचारलं.

"त्याचाच भाऊबंद. पण हा जित्ता आहे. स्वतःचं हाड स्वतः बांधतो आणि वाढत जातो."

"म्हणजे दगडाला पोसायचं!"

रहीम हसला आणि टाकीसमोर स्टूल ओढून बसला. त्या संध्याकाळपासून ते स्टूल तिथून हललं नाही. गौहर शेजारच्या सुगंधाताईंना म्हणायची, "मला वाटलं परमुलूख सोडून आले, तर सवत संगं घेऊनच आले."

सुगंधाताई घाटी हॉस्पिटलात नर्स होत्या. घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई सारजाबाई. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवरून वाटीभर कालवण इकडून तिकडं जायचं. ईदला शिरखुर्मा जायचा आणि चौदा एप्रिलला खीर यायची.

पहिलं वर्ष बरं गेलं. रहीमनं जेद्दाहून येताना जर्मनीच्या कॅल्शियमच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. त्यातलं औषध तो टाकीत घालायचा. पोवळ्याला फिकट जांभळी टोकं फुटली, दगडांवर गुलाबी लेप चढला. मग बाटल्या संपल्या. मुंबईत तसली बाटली एकाच दुकानात होती, आणि दाऊदनं तिची किंमत सांगितल्यावर रहीमनं विषयच बंद केला.

हळूहळू दगडांवरचा गुलाबी रंग उडाला. गोगलगायींच्या शंखांना खळगे पडले. पोवळ्याची वाढ थांबली. रहीमचं जेवण कमी झालं. गौहरला त्या टाकीचा राग होताच, पण नवऱ्याचं उतरलेलं तोंड तिला त्याहून बघवेना.

"त्या बाटलीत असतं तरी काय?" तिनं एकदा विचारलं.

"कॅल्शियम. हाडाला लागतं ते."

"म्हणजे चुनाच की!"

"चुना?"

"आमच्या दुकानावर बाया यायच्या. पोटुशी असली, पोराचे दात उशिरा येत असले, तर अब्बा चुन्याची निवळी द्यायचे. तुमच्या दगडाला चालायची नाय का?"

रहीमला तो विनोद वाटला. "पोवळ्याला पान खिलवतेस का?" म्हणून तो कामावर निघून गेला.

गौहरनं मात्र ते मनावर घेतलं. सिल्लोडला जाऊन तिनं अब्बांकडून चांगला पांढरा चुना आणला, कात-अत्तराचा हात न लागलेला. रहीम कामावर असताना तिनं तो तांब्याभर पाण्यात कालवला आणि पोवळ्यानं जीव धरावा म्हणून सगळाच टाकीत ओतला.

टाकीचं ताक झालं. काच दिसेना. मासा वर येऊन तोंड वासायला लागला, पोवळ्यानं अंग चोरलं. गौहर पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिली. सुदैवानं त्याच वेळी रहीमची बस आली. त्यानं दारातून पाहिलं, डबा खाली ठेवला आणि तसाच कोपऱ्यावरच्या टपरीकडं धावला. येताना हातात साध्या सोड्याच्या बाटल्या.

"सोड्यातला गॅस चुन्याचा जोर मोडतो," धापा टाकत तो म्हणाला आणि थोडा थोडा सोडा टाकीत सोडत राहिला. मासा वाचला. कोळंबी मेली.

तो रागावला नाही. तिला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं. तो टाकीचा तळ साफ करत होता आणि ती मागं उभी राहून रडत होती.

"मला वाटलं, तुमचं काम हलकं होईल."

"ठाऊक आहे मला." त्यानं ओल्या हातानंच तिचा हात धरला. "आणि गौहर, चुना चुकीचा नव्हता. मीच हसलो. बसून विचार केला असता तर दोघांनी मिळून केलं असतं."

गौहरचं रडणं ऐकून सुगंधाताई आल्या होत्या. झालेला प्रकार ऐकून त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाभी, आमच्याकडं पेशंटला शिरेतून कॅल्शियम देताना घाई केली ना, तर काळीज थांबतं. वाट बघत, थेंब थेंब द्यावं लागतं. तुम्ही तांब्यानं पाजलं!"

रहीमनं मान वर केली. "थेंब थेंब... जेद्दात मालकाचं एक यंत्र होतं, तेही असंच टिपकायचं. मला वाटायचं, श्रीमंतांचे चोचले."

दुसऱ्या दिवशी सुगंधाताईंनी तारीख उलटलेला, न वापरलेला सलाइनचा एक सेट आणून दिला. तिघांनी मिळून जुगाड जमवलं. चुना पाण्यात ढवळायचा, झाकून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरची नितळ निवळी तेवढी बाटलीत भरायची. बाटली खिळ्याला उलटी टांगायची आणि नळीवरचं चाक फिरवून थेंब धरायचा. औरंगाबादच्या कोरड्या हवेत टाकीतलं पाणी भराभर उडायचं. उडालेल्या पाण्याची भर निवळीनंच होऊ लागली. थेंब किती जलद ठेवायचा यावरून नवरा-बायकोत रोज वाद व्हायचा. गौहर काचेला नाक लावून गोगलगायींचे शंख बघायची आणि निकाल द्यायची. दिवाळी होऊन गेली तसा दगडांवर पुन्हा गुलाबी ठिपका दिसला. तो तिनंच आधी पाहिला. आता स्टुलावर कोण बसणार यावरून भांडण व्हायला लागलं.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पुन्हा पेटलं. मोर्चे, बंद, जागोजागी पोलीस. निर्णय आता होणार, संक्रांतीच्या सुमारास होणार, अशी गावभर बोलवा होती. त्या दिवसांत कंपनीनं रहीमसारख्या गरजेच्या माणसांना कारखान्यातच मुक्कामाला ठेवून घेतलं. घाटीत सुगंधाताईंच्या रजा रद्द झाल्या. संक्रांतीच्या सकाळी त्या आईचा हात धरून गौहरच्या दारात आल्या.

"भाभी, आईला एकटं ठेवायचं मन होत नाय."

"विचारता काय ताई? या मावशी, आत या."

सारजाबाई टाकीसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि निवळीचे थेंब बघत राहिल्या. दुपारी एकाएकी वीज गेली. पंप बंद पडला. पाणी थिजल्यासारखं झालं.

रहीमनं शिकवून ठेवलं होतं. गौहरनं आधी सलाइनचं चाक आवळलं, म्हणजे थांबल्या पाण्यात चुना साठणार नाही. नंतर ती मगानं टाकीतलं पाणी वर उचलून पुन्हा टाकीतच ओतायला लागली, पाण्यात हवा जावी म्हणून. थोड्या वेळानं तिचा हात भरून आला.

"दे इकडं," सारजाबाई म्हणाल्या. "जन्मभर पाणीच शेंदलंय मी."

दोघी आलटून पालटून पाणी खालीवर करू लागल्या. थंडीनं पाणी गार पडू नये म्हणून सारजाबाईंनी घरून स्वतःची गोधडी आणवली आणि टाकीला लपेटली. पाणी ओतता ओतता म्हातारी बोलायला लागली.

"अठ्ठ्याहत्तर साली आमची घरं जाळली बाई गावात. ह्या नावापायी. सुगंधा शिकत व्हती. नेसत्या लुगड्यानिशी आलो इथं. लोकं म्हनायचे, नावात काय ठिवलंय? मी म्हनायचे, काय नसतं तर जाळलं कशाला?"

गौहरनं म्हातारीच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला आणि पाण्याचा मग आपल्या हातात घेतला.

वीज यायला संध्याकाळ झाली. पंप गुरगुरला आणि दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. गौहरनं चहा टाकला, बॅटरीवरचा रेडिओ लावला. बातम्या सुरू झाल्या. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा निर्णय झाला होता. सारजाबाईंनी आवाज वाढवायला सांगितला. मग त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि तशाच बसून राहिल्या. गालांवरून पाणी वाहत होतं. गौहर त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं डोकं म्हातारीच्या मांडीवर टेकलं.

बाहेर कुठंतरी हलगी वाजायला लागली. पाठोपाठ सुगंधाताई ड्युटीच्या पांढऱ्या साडीतच धावत आल्या. "आई! ऐकलं का?"

"ऐकलं गं. झालं नामांतर!"

"नामांतर नाय आई, नामविस्तार. नाव जोडलंय."

"जोडलंय तर जोडलंय. आता निघनार तर नाय ना?" म्हातारी डोळे पुसत म्हणाली. सुगंधाताई हसता हसता रडायला लागल्या.

रहीम दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी टेम्पोत बसून आला. वाटेत निळे झेंडे, गुलाल, गर्दी बघत आला होता आणि टाकीच्या धास्तीनं अर्धा झाला होता. घरात शिरला तर टाकीला गोधडी गुंडाळलेली, सारजाबाई स्टुलावर आणि गौहर त्यांच्या केसांना तेल लावत बसलेली. त्यानं गोधडी बाजूला केली. मासा फिरत होता. पोवळ्यानं आपले बारीक हात पसरले होते.

"वीज गेल्ती," गौहर म्हणाली. "मावशी नसत्या तर काय खरं नव्हतं."

रहीमनं वाकून म्हातारीचे हात डोळ्यांना लावले. सारजाबाईंनी त्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला.

उन्हाळा येईपर्यंत पोवळ्याला इतके फाटे फुटले की काच पुरेना. रहीमनं एक फाटा अलगद मोडला, एका लहानशा टाकीत दगडावर बसवला आणि सुगंधाताईंच्या खिडकीशी ठेवला. निवळी आता दोन्ही घरांसाठी गौहरच करायची. खिळ्यावरची बाटली बदलायचं काम सारजाबाईंनी कुणालाच करू दिलं नाही. रोज सकाळी अंघोळ झाली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, की त्या चाकावर बोट ठेवून पहिला थेंब पडायची वाट बघत, आणि तो पडला की भिंतीपलीकडं हाक मारत, "गौहर, चहा टाक गं, चालू झालं!"