तीन घरं खाली

मित्रांनो, मी एक जुना कॅपो आहे. नाव ऐकून बावचळू नका. कपडे वाळत घालायचा चिमटा असतो ना, तसाच मी, फक्त लोखंडाचा आणि तोंडाला रबर लावलेला. गिटारच्या लांब मानेवर घरं आखलेली असतात. ज्या घरात मला बसवाल तिथे मी साऱ्या तारा एकदम दाबून धरतो. मला वर सरकवलं की गाण्याची पट्टी चढते, खाली आणलं की उतरते. माणसाचा गळा देवाने घडवला, मला कारखान्याने. एवढं साधं अंतर मी विसरलो, त्याची लाज अजून जात नाही.

माझा मालक गिटारवादक आणि संगीतकार. नाचाच्या ठेक्यात तो अंगाई गुंफायचा, प्रार्थनेच्या चालीला पितळी वाद्यांची जोड द्यायचा. जुनेजाणते नाकं मुरडून त्याला 'भेसळमास्तर' म्हणत. पठ्ठ्याने तेच नाव दारावरच्या पाटीवर लावलं! पण त्या भेसळीत जीव ओतायची ती त्याची थोरली बहीण. ताई गायला लागली की नाकं मुरडणारेही माना डोलवत. मी पाचव्या घरात बसायचो. तिथे तारा लहान घंटांसारख्या किणकिणत, आणि ती किणकिण हीच मालकाची ओळख झाली. "ह्याची पकड बघा, कधी घसरला नाही," असं तो चारचौघांत सांगे. मी फुगून जाई.

मग ताई आजारी पडली. दोन महिन्यांनी उठली, तोवर मोठा कार्यक्रम ठरला होता. तालमीत ती म्हणाली, "बाळ्या, वरचे सूर अजून धरवत नाहीत रे. तीन घरं खाली घे ना."

"खाली घेतलं की गिटार कोंदट वाजते, ताई. लोक ह्या किणकिणीसाठी येतात. तू उगाच घाबरतेस."

"घाबरतंय कोण? गळा माझा आहे. तुझं काय, चिमटा दाबलास, सरकवलास, झालं!"

खरंच, दोन बोटांचं काम होतं. मालकाने ते केलं नाही. आणि खरं सांगू? मलाही पाचवं घर सोडायचं नव्हतं.

कार्यक्रमात तिसऱ्या कडव्याला ताईचा आवाज फाटला. ती पाणी प्यायला आत वळली ती परत बाहेर आलीच नाही. मालकाने झटकन तिची जागा आपल्या वादनाने भरून काढली. टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय सांभाळून घेतलंत हो!" लोक म्हणाले. मालक नम्रपणे वाकला आणि म्हणाला, "ताईचं आता वय झालं." ताई पडद्याआड उभी होती. तिने ऐकलं. पुन्हा ती कधी गायली नाही.

दोन वर्षांनी मालक तिच्या स्वयंपाकघरात गेला. मी त्याच्या खिशात होतो. "ताई, चूक माझी होती," तो म्हणाला.

ती भांडी विसळत होती. "मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच आहे. ज्यांना माझं वय सांगितलंस, त्यांना सांग."

पुढच्या कार्यक्रमात त्याने भर सभेत सांगितलं, "तेव्हा ताईचा गळा चुकला नव्हता. पट्टी माझी चुकली होती. ती सांगत होती, मी ऐकलं नाही." मग सगळ्यांसमोर त्याने मला तीन घरं खाली आणलं आणि वाट पाहिली. ताई समोरच बसली होती. ती उठली नाही. त्याने तेच गाणं वाजवलं, पण नुसती साथ. तिच्या ओळींची जागा त्याने मोकळी सोडली, एकही सूर भरला नाही. टाळ्या कधी वाजवायच्या ते कुणाला कळेना. मी तारा धरून होतो, पण मान वर करवत नव्हती.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझा रबर झिजला तर नवा मिळतो. सोबत गाणाऱ्याला मात्र आधी विचारा, "तुला कुठून झेपेल?" आणि तो सांगेल ते खरं माना.